नंदूच्या शर्टाच्या पिशव्या

“जरा ती पिशवी खाली ठेवा,” आत्याबाई म्हणाल्या.

भर मंगळवारच्या बाजारात, भेंडीवालीच्या पुढ्यात. ज्यांना म्हणाल्या ते आमच्या गावचे पोस्टमन, गोसावीतात्या. सायकल एका हातानं धरून उभे होते बिचारे. पिशवी हँडलला अडकवलेली, तिच्यातनं कोथिंबीर आणि मुळ्याचा पाला डोकावत होता.

“काय झालं, काकू?”

“ठेवा म्हणते ना.”

तात्यांनी ठेवली. आत्याबाई तिथंच उकिडव्या बसल्या. कोथिंबीर, मुळे काढून स्वतःच्या पदरात घेतले, पिशवी उलटी केली, आतली शिवण बोटानं चाचपली. निळ्या चौकड्यांचं कापड, धुवून धुवून मऊ पडलेलं. मी मागं उभी होते. त्या कापडाकडं मला बघवेना आणि नजरही हलेना.

“शैला,” आत्याबाई वर न बघता म्हणाल्या, “ही नंदूची पाठ आहे.”

भेंडीवालीनं तराजू खाली ठेवला. तात्यांनी मुळे-कोथिंबीर पुन्हा घेतली, सायकलच्या कॅरिअरला लावली आणि निघून गेले. पिशवी आत्याबाईंच्या हातातच राहिली.

आता सांगते, म्हणजे घोटाळा नको. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, अनसूया पतंगे. नंदू माझा नवरा. मामंजींचं पेठेत टेलरिंगचं दुकान होतं, दुकान म्हणजे घराचीच बाहेरची खोली. आदल्या पावसाळ्यात नंदू शाळेच्या गणवेशांचं बोचकं सायकलला बांधून पलीकडच्या गावाला निघाला होता. नदी फरशीवर, म्हणजे पलीकडं जायच्या बुटक्या पुलावर, आली होती. ‘पाणी घोट्याएवढं आहे, आत्ता जाऊन आलो,’ म्हणाला आणि गेला. सायकल पुढं खाली एका बाभळीत अडकलेली सापडली. गणवेश वाळूत विखुरलेले सापडले. तो सापडला नाही.

गावानं शोध शोध शोधलं. मग एकेक जण माना खाली घालून घरी गेला. पण आत्याबाईंनी एकालाही समाचाराला उंबरा ओलांडू दिला नाही. कुणी बाई डोळ्याला पदर लावून दारात आली की त्या म्हणायच्या, “कुणाकडं आलात? आमच्याकडं सगळं ठीक आहे. पोहत निघालाय कुठंतरी, दमला की येतो.” बाई ओशाळी होऊन परत जायची. दिवस नाहीत, दहावा नाही, काही नाही. मला कुंकू पुसू दिलं नाही, त्याचं मला वाईट वाटलं नाही. मलाही तो यावा असंच वाटत होतं. पण पहिले सहा-सात महिने वाटणं वेगळं आणि पुढचं वेगळं. पुढंपुढं मला कळेना, मी नक्की कोण आहे या घरात. हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही म्हणून बायका माझ्यापाशी येऊन घुटमळायच्या.

आणि त्याचे कपडे. दर आठवड्याला आत्याबाई नंदूचे सगळे शर्ट, सगळ्या विजारी फडताळातून काढायच्या, धुवायच्या, वाळवायच्या, दुकानातल्या कोळशाच्या इस्त्रीनं इस्त्री करायच्या आणि परत घडी घालून ठेवायच्या. न वापरलेले कपडे. “धुळीचा वास त्याला चालत नाही,” म्हणायच्या. दोरीवर ते शर्ट वाळत असले की मी मागच्या दारानं जायची. वाऱ्यानं बाह्या हलायच्या, आणि एकदा तर एक बाही माझ्या खांद्यावर येऊन टेकली. मी धुण्याची बादली तिथंच टाकून आत पळाले होते.

माझा भाऊ सुधाकर मिरजेला असायचा. त्यानं माझ्यासाठी तिथल्या नर्सिंगच्या कोर्सला जागा बघून ठेवली होती. दिवाळीनंतर कोर्स सुरू होणार होता, आणि पुढच्या वर्षी माझं वय बसणार नव्हतं. तो आला, चहा घेतला, विषय काढला. आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, “नवरा बाहेर गेलेला असताना सून घर सोडून जात नाही. तो आला की त्याला विचारा. हो म्हणाला तर न्या.” सुधाकर माझ्याकडं बघत राहिला. मी कपबशा उचलल्या. मामंजी मशीनवर होते, त्यांचे पाय थांबले होते. ते तसेही फार बोलत नसत. गिऱ्हाइकाचं माप घेताना जेवढं बोलतील तेवढंच.

अशात गावात एक जत्रा आली. हायस्कूलच्या इनामदारबाईंचं डोकं. जपणूक जत्रा, नाव ठेवलं. गावानं काही फेकायचं नाही, जुनं ते दुरुस्त करायचं, पुन्हा वापरायचं, एवढं सूत्र. शाळेच्या पटांगणात मांडव घातले. एकीकडं बायका घरचं बी घेऊन बसल्या, वालाचं द्या नि दोडक्याचं न्या. एकीकडं मोडक्या छत्र्या, स्टो, कुकरच्या शिट्ट्या दुरुस्त करून मिळत होत्या. सूर्यचुलीवर खिचडी लावली होती, पण आभाळ आलं आणि सगळ्या गावानं शेवटी कच्ची डाळ चावत कौतुक केलं. बाई मात्र गड्यासारखी राबली, खोटं कशाला बोलू.

जत्रेचा मोठा बेत होता पिशव्यांचा. प्लास्टिकची पिशवी गावातून घालवायची, म्हणून घरोघरचे जुने कपडे गोळा करायचे, त्यांच्या पिशव्या शिवायच्या आणि जत्रेत प्रत्येक घराला वाटायच्या. शिवायला बचत गटाच्या बायका होत्या. कापायचं काम मामंजींकडं. आमच्या ओट्यावर बोचक्यांचा ढीग पडला, जुन्या लुगड्यांत, चादरीत बांधलेली बोचकी. त्या आठवड्यात आत्याबाईंनी नंदूचे कपडे धुतले, वाळवले, इस्त्रीसाठी लुगड्यात बांधून नेहमीप्रमाणं बाहेरच्या खोलीत ठेवले आणि बहिणीकडं बारशाला चार दिवस गेल्या. मी त्यांच्याबरोबर होते. आलो तेव्हा ढीग कापून झाला होता. बोचकं नव्हतं.

“मिसळलं असेल,” मामंजी म्हणाले. कातर हातातच होती त्यांच्या.

आत्याबाई शाळेत धावल्या. तिथं पिशव्यांचे गठ्ठे बांधले जात होते, कुठल्या गठ्ठ्यात काय, कुणाला माहीत. इनामदारबाईंनी हात जोडून माफी मागितली, रडल्या. आत्याबाई घरी येऊन बसल्या. मला वाटलं आता आकांत करतील. त्या नुसत्या बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी जत्रेत सगळ्या गावाला पिशव्या वाटल्या गेल्या आणि गाव त्या खांद्याला लावून हिंडायला लागलं.

माझं काय झालं ते सांगते. मी पाण्याला निघाले की समोरून नंदू यायचा. त्याच्या पिवळ्या शर्टाचा तुकडा चहाच्या टपरीच्या खुंटीला लटकलेला असायचा. एसटी स्टँडवर एक म्हातारा बाकावर झोपला होता, आणि त्याच्या उशाला नंदूची विजार होती, मीच ठिगळ लावलेली, माझं ठिगळ दिसत होतं. देवळात चपलांपाशी, दळणाच्या रांगेत, दवाखान्याच्या पायरीवर, कुठं ना कुठं. कुणीतरी वळायचं, पिशवी हलायची आणि मी जागीच थांबायची. वर्षभर तो कुठंच नव्हता; आता जिकडंतिकडं होता, आणि कुठंच पुरता नव्हता. अजूनही निळ्या चौकड्या दिसल्या की मी मागं वळून बघते, लाज वाटते पण बघते.

आत्याबाईंनी मंगळवारच्या बाजारात तात्यांची पिशवी घेतली, तिथून पुढं त्या गावात हिंडायलाच लागल्या. कुणाच्याही दारात जायच्या. “पिशवी दाखवा.” बघायच्या, नंदूचं कापड नसलं तर परत द्यायच्या, असलं तर घेऊन यायच्या. लोकांनी कटकट केली नाही. उलट, चारआठ दिवसांत लोकच घरी यायला लागले.

आमच्याकडची रीत अशी की दुसऱ्याची पिशवी किंवा भांडं रिकामं परत करत नाहीत. त्यात मूठभर काहीतरी घालायचं. त्यामुळं जो यायचा तो पिशवीत काहीतरी घालून आणायचा. शेजारणीनं तांदूळ आणले. कुणी गूळ, कुणी चार लिंबं, कुणी नारळ. किराणावाल्या शेठनं शेंगदाणे आणले, स्वतः आला, टोपी काढून ओट्यावर बसला. “नंदूनं माझ्या पोराचं मुंजीचा सदरा शिवला होता,” म्हणाला. आत्याबाईंनी शेंगदाणे परातीत ओतले, पिशवी झटकली. आणि पहिल्यांदाच म्हणाल्या, “चहा घेऊन जा.”

मग रोज कुणी ना कुणी. यायचे, बसायचे, नंदूबद्दल दोन शब्द बोलायचे, उठायचे. समाचाराला येतात तसेच, फक्त वर्षभर उशिरा. आत्याबाईंना हे कळत होतं की नाही, देव जाणे. त्यांचं लक्ष पिशव्यांवर होतं. माझं लक्ष दिवाळीवर. सुधाकरचा शेजाऱ्यांकडं फोन यायचा, ‘शैला, काय ते ठरव,’ आणि मी ‘बघते’ म्हणून ठेवून द्यायची.

पिशव्या जमल्यावर त्या शिवायला बसल्या. त्याही शिंप्याच्या घरच्या, हातात कसब होतं. निळ्या चौकड्यांचा शर्ट त्यांनी आधी घेतला, कारण त्याचे तुकडे सगळ्यांत जास्त मिळाले होते. मामंजींनी नंदूच्या लग्नाआधी स्वतः शिवलेला शर्ट तो. पाठ तात्यांच्या पिशवीत होती. पुढचे दोन भाग शेठच्या. बाह्यांच्या पट्ट्या कापून भलत्याच पिशव्यांना बंद लावले होते, ते त्यांनी एकेक उसवून घेतले, इस्त्री केली, शेजारी शेजारी जोडले. दुपारभर पुढच्या सोप्यात त्यांची टीप चालायची आणि बाहेरच्या खोलीत मामंजींची. दोन मशीन, दोघं एकमेकांशी चकार शब्द बोलायची नाहीत.

शर्ट आकाराला यायला लागला तशी मी त्या खोलीत जाणं टाळू लागले. खुंटीला टांगलेला असायचा, खांदे आलेले, बाह्या लोंबलेल्या, गळ्याच्या जागी नुसतं भोक. एकदा दळण ठेवायला गेले आणि तसंच पीठ हातात घेऊन बाहेर आले.

“कॉलर नाही,” आत्याबाई एका दुपारी म्हणाल्या. मामंजी जेवत होते. “पिशवीला कॉलर लागत नाही. चिंध्यांत असायला हवी होती. बाईंकडं जाऊन सगळ्या चिंध्या बघून आले मी. गावभरच्या शर्टांच्या कॉलरी आहेत तिथं. ह्याच्या एकाही शर्टाची नाही.”

मामंजींनी घास खाली ठेवला.

“आणि आणखी एक,” त्या म्हणाल्या. “बाकी पिशव्यांचं कापड तुम्ही सरळ कातरीनं कापलंय. शिवणीसकट. नंदूच्या शर्टांच्या शिवणी उसवल्यात. टाका टाका काढून, मग कापड सरळ केलंय. मिसळलेलं बोचकं असं कुणी उसवत बसत नाही.”

मामंजी उठले. हात धुतले. बाहेरच्या खोलीत गेले, मशीनचा खण ओढल्याचा आवाज आला, आणि परत आले तेव्हा त्यांच्या हातात कॉलरी होत्या. एकावर एक ठेवून सुतळीनं बांधलेल्या. त्यांनी त्या आत्याबाईंच्या पुढ्यात ठेवल्या.

“कातर चालेना,” ते म्हणाले. “म्हणून उसवलं.”

मी चुलीपाशी उभी होते. आत्याबाई त्या कॉलरींकडं बघत होत्या. निळ्या चौकड्यांची वरच होती, मानेपाशी किंचित मळलेली, कितीही धुतली तरी न निघालेली.

“का केलंत असं?” त्यांनी विचारलं. आवाज चढला नव्हता, त्याचीच मला भीती वाटली.

“दर आठवड्याला तू त्याचे कपडे धुतेस. दर आठवड्याला मी इस्त्रीत कोळसे घालून देतो. वर्ष झालं. मी तुला नाही म्हणू शकत नव्हतो.” मामंजी थांबले. त्यांना एवढं बोलायची सवय नव्हती. “पोरगी आतल्या आत मरायला लागलीय. तिची दिवाळीनंतर जागा आहे. एक पोर नदीनं नेलं, दुसरं आपण फडताळात ठेवायचं का?”

मला वाटलं होतं त्यांना काही ठाऊकच नाही. मी भांडी घासताना रडायची, पाण्याच्या आवाजात, ते बाहेर मशीनवर असायचे. त्यांना सगळं ऐकू येत होतं. मला तिथंच हुंदका फुटला आणि मी तो आवरला नाही.

आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलंच नाही. कॉलर उचलली, मशीनपाशी गेल्या आणि लावायला बसल्या. त्या दिवशी जेवल्या नाहीत. संध्याकाळी दिवा लावायच्या वेळी शर्ट पुरा झाला. काजं होती तिथंच होती, बटणं नवी लावली. मग त्यांनी तो खांद्यांना धरून समोर धरला, आणि बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या.

मलाही दिसलं. मामंजींनी उसवून सरळ कापलं, बायकांनी पिशवी शिवताना चारी बाजूंनी दुमडलं, आत्याबाईंनी उसवलं, पुन्हा जोडलं. दर शिवणीत बोटबोटभर कापड गेलेलं. नंदू चांगला उंचापुरा, रुंद छातीचा माणूस. तो शर्ट एखाद्या चौथी-पाचवीतल्या पोराचा वाटत होता.

“अहो,” आत्याबाई म्हणाल्या.

मामंजी दारात आले.

“हा त्याला होणार नाही.”

“नाही,” मामंजी म्हणाले.

“आज आला तरी होणार नाही. उद्या आला तरी नाही.” त्यांनी शर्टावर तळहात फिरवला. “माझ्याच्यानं एवढंच झालं. सगळं कापड जमवून एवढंच झालं.”

त्या खाली बसल्या. मामंजी त्यांच्याशेजारी बसले. मी पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. आत आत्याबाई रडायला लागल्या. वर्षभरानं. शेजारची दारं उघडली, बायका ओट्यापर्यंत आल्या, पण आत कुणी गेलं नाही. तिथंच उभ्या राहिल्या सगळ्या, माझ्या भोवतीनं, आणि कुणीतरी माझ्या पाठीवर हात ठेवला.

माणूस सापडलाच नाही तर आमच्यात दर्भाचा आणि पळसाच्या पानांचा पुतळा करतात आणि त्याला अग्नी देतात. त्याशिवाय गेलेल्याचे पुढचे विधी होत नाहीत. हे सगळ्यांना माहीत होतं, पण आमच्या घरात तोवर तोंडातून काढायची कुणाची छाती नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाई स्वतः गुरुजींकडं गेल्या.

नदीवर गाव जमलं. पोस्टमन तात्या, शेठ, इनामदारबाई, सगळे. पाणी केव्हाच उतरलं होतं, फरशीखालून ओढ्याएवढी धार वाहत होती. एवढ्याशा पाण्यानं नंदूला नेलं, हे खरं वाटेना. गुरुजींनी दर्भाच्या जुड्या काढल्या, पळसाची पानं मांडली आणि मामंजींना विचारलं, “केवढा करू?”

मामंजींनी पिशवीतून शर्ट काढला. वाळूवर पसरला, बाह्या सरळ केल्या, चुण्या हातानं सारख्या केल्या.

“ह्या मापाचा,” म्हणाले.

आयुष्यभर माणसाच्या मापाचे कपडे शिवले त्यांनी. शास्त्रात कपडे घालायचं आहे की नाही, मला माहीत नाही. गुरुजींनीही तो विषय काढला नाही. मान हलवून कामाला लागले. दर्भाचे हातपाय बांधले, पानांचं अंग केलं. आत्याबाईंनी शर्ट हातात घेतला आणि मला जवळ बोलावलं.

“तू एक बाही धर,” म्हणाल्या.

आम्ही दोघींनी मिळून तो घातला. दर्भ खसखसला. शर्ट बरोब्बर बसला, खांद्याला खांदा, कुठं ओढ नाही, कुठं झोळ नाही. मी खालून बटणं लावत वर आले. गळ्याच्या बटणाला हात घातला तर आत्याबाईंनी माझा हात धरला.

“ते राहू दे. गच्च गळा त्याला खपायचा नाही.”

मी हात काढून घेतला. मामंजींनी अग्नी दिला. तोंड फिरवून उभे राहिले. मी आत्याबाईंना धरलं, कारण माणूस जळतो तेव्हा फार वेळ लागतो, लोक सावली बघून बसतात, हे मी वडिलांच्या वेळी बघितलं होतं. त्यांना एवढं सोसवेल का, ही मला काळजी होती. पण ते सुकं गवत आणि वाळलेली पानं होती. कापड पेटलं, चौकड्या उजळल्या, काळ्या झाल्या. लोक बसायला जागा शोधतायत तोवर सगळं खाली आलं. वाळूवर ओंजळभर राख.

“झालं?” आत्याबाईंनी विचारलं.

“झालं, काकू,” गुरुजी म्हणाले.

त्या राखेकडं बघत राहिल्या. मग माझा हात आपल्या दंडावरून सोडवला आणि माझ्याकडं वळल्या. त्या वर्षात पहिल्यांदाच त्यांनी मला नीट बघितलं असेल.

“मग तू आता कुणाची वाट बघतेयस?” त्या म्हणाल्या.